जागत्या कानाचे अर्थशास्त्र

समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,९०० मीटर उंचीवर, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, डोंगरांच्या कुशीत तटरक्षक दलाचे एक ठाणे आहे असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटेल. परंतु अमेरिकेतील टाहो सरोवरावर असे ठाणे खरोखरच आहे, आणि त्याला सबळ कारणही आहे. कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांची सीमा या सरोवरातून जाते. दोन राज्यांत पसरलेल्या आणि नौकानयनास योग्य अशा पाण्यावर संघराज्याचा अधिकार चालतो. संघराज्य आले म्हणजे त्याचे तटरक्षक दल आलेच. सरोवराची लांबी सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी १९ किलोमीटर आणि सर्वाधिक खोली ५०० मीटर. येथे मालवाहतूक नाही म्हटले तरी चालेल. जे येतात ते सुटी घालवायला येतात. नौका स्वतःची असते किंवा तासाच्या भाड्याने घेतलेली असते, आणि ती चालविणाऱ्याला पाण्याचा अनुभव असेलच असे नाही.

अशा सरोवरावर संकट आले तर हाक कोणाला मारायची, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. काठावर कॅलिफोर्नियाच्या दोन काउंट्या, नेवाडाच्या दोन काउंट्या आणि कार्सन सिटी हे स्वतंत्र शहर आहे. शेरीफ वेगळे, अग्निशमन दले वेगळी, राज्य उद्यानांचे रक्षक वेगळे. शिवाय संघराज्याचे वनखाते. प्रत्येकाची बिनतारी यंत्रणा आपापली. या सर्वांना आणि सामान्य नावाड्याला समान अशी एकच जागा आकाशात राखून ठेवलेली आहे. ती म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ ही कंप्रता, सागरी परिभाषेत सोळा क्रमांकाचे चॅनेल. अमेरिकेत हौशी नौकेने बिनतारी संच बाळगलाच पाहिजे असा नियम नाही. मात्र बाळगला आणि चालू ठेवला, तर बोलणे चालू नसेल त्या सर्व वेळी चॅनेल सोळा ऐकत राहणे तिच्यावर बंधनकारक आहे. हा नियम मोठा विलक्षण आहे. संच विकत घेणारा स्वतःच्या सोयीसाठी तो घेतो. कायदा त्याच्या खरेदीतून इतरांसाठी एक पहारेकरी उभा करतो.

या पहाऱ्याचे मोल कळायला एका मोठ्या दुर्घटनेची आठवण पुरेशी आहे. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडत असताना ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज फार दूर नव्हते. त्याच्यावर बिनतारी यंत्र होते, ते चालविणारा प्रशिक्षित माणूसही होता. पण दिवसभराचे काम संपवून तो झोपी गेला होता. यंत्र होते, वीज होती, अंतर बेताचे होते. नव्हता तो फक्त जागा कान. त्यानंतर १९१४ सालच्या आंतरराष्ट्रीय करारात मोठ्या जहाजांवर अखंड श्रवणपहाऱ्याचे तत्त्व आले. आज सरोवरावरील लहान नावाड्याकडून जी अपेक्षा केली जाते, तिचा उगम त्या रात्रीत आहे.

२१ जून २०२५ रोजी, शनिवारी दुपारी, टाहोवर अकस्मात वादळ सुटले. सहा ते आठ फुटांच्या लाटा उठल्या. डी. एल. ब्लिस राज्य उद्यानाजवळच्या पाण्यात दहा माणसे असलेली सत्तावीस फुटी नौका उलटली. दोघे वाचले, आठ जण मृत्युमुखी पडले. डोंगराने वेढलेल्या पाण्यावर वारा असाच, कसलीही पूर्वसूचना न देता येतो. मराठी वाचकाला हे अपरिचित नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील नौका अशाच सोसाट्याच्या वाऱ्यात बुडाली आणि सहा जणांचा बळी गेला. त्या नौकेतील एक जण पोहत काठाला लागला. दोन्ही ठिकाणी पाणी थोपविलेले वा वेढलेले, सगळ्यांच्या परिचयाचे, आणि म्हणूनच ते निरुपद्रवी मानले गेलेले.

अशा प्रसंगी आज बहुतेकांचा हात खिशातील दूरध्वनीकडे जातो. तो स्वाभाविक आहे, पण त्यात एक मूलभूत उणीव राहते. दूरध्वनी हे दोघांमधील संभाषण आहे. हाक मारणारा एका टोकाला, कचेरीत बसलेला कर्मचारी दुसऱ्या टोकाला. आणि सीमेवरच्या सरोवरात हाक ज्या मनोऱ्याने पकडली त्यावर ती कोणत्या राज्यातील कचेरीत जाईल हे ठरते. नौकेपासून अर्ध्या किलोमीटरवर दुसरी नौका असली तरी तिला यातले काहीच कळत नाही. बिनतारी संचावर तीच हाक मारली, तर ऐकू येण्याच्या टप्प्यातील प्रत्येक नौकेला ती एकदमच पोहोचते. म्हणून संकटाची हाक देण्याची रीतही चावडीवर उभे राहून सांगावे तशी ठरविलेली आहे. ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारायचा, मग नौकेचे नाव, ठिकाण, काय घडले, माणसे किती. ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून घडविलेल्या या शब्दाला १९२७ सालच्या वॉशिंग्टन परिषदेने मान्यता दिली. या रीतीचा पुढचा भाग मात्र सहसा कोणाला ठाऊक नसतो. हाकेला तटरक्षक दलाने उत्तर दिलेले ऐकू आले नाही, तर ती ऐकणाऱ्या इतर नौकेने स्वतःच्या तोंडून ती पुढे पोहोचवायची असते. म्हणजे ऐकणारा हा या व्यवस्थेचा प्रेक्षक नाही. तो तिचा एक खांब आहे.

यामागे भौतिकशास्त्राचेही कारण आहे. या पट्ट्यातील लहरी साधारणतः दृष्टीच्या रेषेत जातात. पस्तीस किलोमीटर लांबीच्या सरोवराच्या दोन टोकांमध्ये, पृथ्वीच्या गोलाईमुळे, मध्यावर पाण्याचा वीस ते पंचवीस मीटरचा फुगवटा येतो. नौकेवर पक्क्या बसविलेल्या संचाची शक्ती पंचवीस वॅट असते आणि त्याची तार उंचावर असते. पाण्यात पडलेल्या माणसाच्या हातातील संच मात्र पाच वॅटचा, आणि त्याची तार लाटेपेक्षा वीतभर उंच. त्याचा आवाज डोंगरावरच्या मनोऱ्यापर्यंत जाईल किंवा जाणारही नाही. जवळच्या नौकेपर्यंत तो जाण्याचा संभव अधिक, आणि वेळेवर पोहोचू शकणारीही बहुधा तीच. थंड पाण्यात हातपाय किती मिनिटे चालतील यावर सगळे अवलंबून असते. २०२४ साली अमेरिकेत हौशी नौकानयनात ५५६ माणसे दगावली. बुडून मेलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगावर तरंगजाकीट नव्हते. ज्याच्या अंगावर जाकीट नाही, त्याच्या दृष्टीने वीस मिनिटांवरच्या सरकारी नौकेपेक्षा दोन मिनिटांवरचा अनोळखी नावाडी अधिक मोलाचा ठरतो.

दीपगृह आणि कान

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपगृह येते. मिलने १८४८ साली ते दिले, सॅम्युएल्सनने ते घरोघर पोहोचविले. दिव्याचा लाभ कोणत्याही जहाजाला नाकारता येत नाही, एकाने पाहिल्याने दुसऱ्यासाठी प्रकाश कमी होत नाही, म्हणून दीपगृहे सरकारनेच बांधावीत, असा हा युक्तिवाद. रोनाल्ड कोस यांनी १९७४ साली इतिहासाची कागदपत्रे चाळून दाखवून दिले, की इंग्लंडमध्ये अनेक दीपगृहे खाजगी मंडळींनी बांधली आणि चालविली, व त्यांची पट्टी बंदरात जहाजांकडून वसूल होत असे. याच कोस यांनी १९५९ साली कंप्रतांची विक्री करावी असे सुचविले होते. तेव्हा ते अनेकांना विक्षिप्तपणाचे वाटले. १९९४ पासून अमेरिकेत कंप्रतांचे लिलाव प्रत्यक्ष होऊ लागले.

चॅनेल सोळा मात्र लिलावात आले नाही आणि येऊही नये. येथे कोस यांचे दीपगृह उपयोगी पडते ते उलट्या बाजूने. दीपगृह सांगते, चॅनेल सोळा ऐकते. दीपगृहाचे ग्राहक बंदरात येतात, त्यांची मोजदाद करता येते, पट्टी घेता येते. ऐकण्याचा ग्राहक कोण हे हाक मारली जाईपर्यंत कोणालाच माहीत नसते, आणि हाक मारणाऱ्याशी त्या क्षणी भावाची बोलणी करता येत नाहीत. शिवाय दिवा एकच पुरतो. कान अनेक लागतात, आणि ते पाण्यावर विखुरलेले असावे लागतात. सरकार एक मनोरा आणि एक पहारेकरी पुरवील, पण सरोवराच्या प्रत्येक खाडीत एकेक कान पगार देऊन बसविणे कोणत्याही खजिन्याला परवडणारे नाही. ते कान नावाड्यांनीच पुरवायचे आहेत, आणि नेमके येथेच फुकट्या प्रवाशाची जुनी अडचण उभी राहते. खाडीत दहा नौका असल्या तर प्रत्येकाला वाटते, उरलेले नऊ जण ऐकत असतील. संगीत लावायचे असते, मुले ओरडत असतात, सोळावरची खरखर कंटाळवाणी असते. संच बंद होतो. दहाही संच बंद आहेत हे कळायला मग एखादी दुर्घटना व्हावी लागते.

जे बोलतात तेही या सामायिक मालमत्तेची नासाडी करतात. कंप्रता-समावेशन पद्धतीत दोघे एकाच वेळी बोलले, तर जोरकस लहर ग्राहकयंत्राला काबीज करते आणि क्षीण लहर पुसली जाते. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ऐकू आले असते तर निदान कोणीतरी अडचणीत आहे एवढे तरी समजले असते. तसे होत नाही. जवळच्या नौकेवरील पंचवीस वॅटच्या गप्पांखाली पाच वॅटची आर्त हाक नाहीशी होते, आणि गप्पा मारणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. याहून वाईट प्रकार म्हणजे गादीखाली दबून राहिलेला ध्वनिग्राहक. बटण दाबलेलेच राहते, आणि नौकेवरचा हास्यविनोद, बाटल्यांचा किणकिणाट, गाणी हे सर्व तासन्‌तास सोळावरून प्रसारित होत राहते. ज्याच्या संचाचे बटण अडकले आहे त्याला ‘तुझे बटण सोड’ असे बिनतारीवरून सांगताही येत नाही, कारण बोलत असलेला संच ऐकू शकत नाही! सहलीच्या सरोवरावरील सर्वांत मोठा शत्रू वादळ की ही गादी, असा प्रश्न एखाद्याने विचारला तर तो अगदीच फोल म्हणता येणार नाही.

१९९२ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने हौशी नौकांना परस्परांस हाक मारण्यासाठी चॅनेल नऊ मोकळे केले, ते सोळावरचा हा भार हलका व्हावा म्हणून. खोट्या संकटहाकेला सहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. पण एलिनॉर ऑस्ट्रम यांनी मच्छीमारांच्या आणि पाटकऱ्यांच्या अभ्यासातून जे दाखविले ते येथेही लागू पडते. सामायिक साधन टिकते ते मुख्यतः वापरणाऱ्यांनी एकमेकांवर ठेवलेल्या नजरेमुळे. बंदरातील जुने नावाडी बडबड्याला सोळावरच फटकारतात आणि दुसऱ्या चॅनेलवर जायला सांगतात. सहलीच्या सरोवरावर मात्र आजचा नावाडी उद्या नसतो. फटकारलेल्याला लाज वाटायला उद्या कोणी ओळखीचे भेटणार नसते. त्यामुळे तेथे ही परंपरा मुळातच दुबळी राहते.

काठावरचे श्रोते

नौकांखेरीज आणखी एक श्रोतृवर्ग आहे. काठावरच्या घरांतून स्कॅनर नावाचे यंत्र असते. ते एकामागून एक अनेक कंप्रता चाचपून पाहते आणि जेथे बोलणे सापडेल तेथे थांबते. तटरक्षक, अग्निशमन, वनखाते, रुग्णवाहिका या सर्वांचे बोलणे ऐकण्याचा हा छंद अमेरिकेत जुना आहे. पुष्कळांना तो चहाटळपणा वाटतो, आणि काही अंशी तो आहेही. तथापि कायद्याने त्याला मोठ्या समंजसपणे वागविले आहे. १९३४ च्या दळणवळण कायद्यात दुसऱ्याचा बिनतारी संदेश ऐकून तो इतरांना सांगण्यास मनाई आहे. परंतु संकटात सापडलेली जहाजे, विमाने, वाहने किंवा माणसे यांविषयीचे संदेश या मनाईतून स्पष्टपणे वगळले आहेत. १९८६ च्या कायद्याने सागरी संदेश, तसेच सर्वांना सहज ऐकू येणारे पोलीस व अग्निशमन दलाचे संदेश ऐकणे निर्वेध ठरविले. आपल्याकडील दृष्टी नेमकी उलट होती. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी ग्राहकयंत्र जवळ बाळगणे हाच अपराध ठरविला, आणि घरातील साध्या रेडिओसाठीही टपाल कचेरीत जाऊन परवान्याचे शुल्क भरण्याची पाळी अनेक वर्षे लोकांवर येत असे. ऐकणे हा संशयास्पद व्यवहार आहे हे त्यामागचे गृहीत.

आता अमेरिकेतही वारे बदलले आहे. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने पोलीस दलांना नागरिकांची नावे, जन्मतारखा, परवाना क्रमांक अशी माहिती खुल्या आकाशात बोलू नये असे बजावले, आणि अनेक दलांनी आपले सर्व संभाषणच सांकेतिक करून टाकले. मूळ तक्रार रास्त होती. रस्त्यावर थांबविलेल्या माणसाची जन्मतारीख शेजाऱ्याने का ऐकावी? पण उपाय दुखण्यापेक्षा बराच मोठा निघाला. पालो आल्टो शहराच्या पोलिसांनी २०२१ मध्ये आपले बोलणे बंद केले आणि २०२२ मध्ये ते पुन्हा खुले केले. व्यक्तिगत माहितीपुरता वेगळा मार्ग काढता येतो हे त्यांनी कृतीने दाखविले. दोन जातींची माहिती एकाच नळातून वाहत होती, एवढाच दोष होता. त्यासाठी सगळा नळ बंद करण्याची आवश्यकता नव्हती.

टाहोवासीयांना खुल्या नळाचे महत्त्व २०२१ साली कळले. १४ ऑगस्टला लागलेला कॅल्डर वणवा डोंगर ओलांडून सरोवराच्या दिशेने आला आणि ३० ऑगस्टला साउथ लेक टाहो हे सगळे शहर रिकामे करण्याचा आदेश निघाला. वणव्याशी झुंजणाऱ्या दलांचे बोलणे खुले होते. आग कोणत्या रस्त्यापर्यंत आली, कोणती कड सांभाळली, हे अधिकृत पत्रकाआधी स्कॅनरवर कळत होते. याची दुसरी बाजूही प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. अर्धवट ऐकून उठलेल्या वावड्या, बघ्यांची गर्दी, रिकाम्या घरांवर डोळा ठेवून ऐकणारे चोर हे धोके खरे आहेत. पण ते पोलिसी संभाषणाचे धोके आहेत. पाण्यावरील संकटहाकेच्या बाबतीत ते जवळजवळ उद्भवतच नाहीत, कारण तेथे ‘बघ्यांची गर्दी’ हीच तर हवी असते. तटरक्षक दल स्वतः तातडीची सूचना प्रसारित करते: अमुक ठिकाणी नौका संकटात आहे, आसपासच्या सर्वांनी लक्ष ठेवावे व शक्य ते साहाय्य करावे. बंद आकाशाचा आणखी एक तोटा असा, की संकेत वेगवेगळे असले तर शेजारची दलेही एकमेकांना ऐकू शकत नाहीत. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पोलीस हेलिकॉप्टरांनी मनोरा कोसळण्याचा दिलेला इशारा आतील अग्निशमन जवानांपर्यंत पोहोचला नाही. तेथे तर संकेतही नव्हता, केवळ यंत्रणा निराळ्या होत्या. पाच शासनांनी वेढलेल्या सरोवरावर ही चूक पुन्हा करणे परवडणारे नाही.

यंत्रांनीही या कामी काही भार उचलला आहे. नव्या संचांवर एक लाल बटण असते. ते दाबले की चॅनेल सत्तरवरून नौकेची ओळख आणि ठिकाण आपोआप जाते आणि आसपासच्या तशाच संचांवर घंटा वाजते. अट एवढीच, की मालकाने संचाची नोंदणी केलेली असावी आणि तो स्थाननिश्चितीच्या यंत्राला जोडलेला असावा. भाड्याच्या नौकेबाबत ही अट कोण पुरी करणार?

तेव्हा प्रश्न येतो तो खर्चाचा आणि तो कोणाच्या माथी मारावा याचा. पाण्यावर तरंगणारा हातसंच शंभर-दीडशे डॉलरांत मिळतो. नौकेच्या किमतीपुढे ही रक्कम नगण्य आहे. तरीही तो ऐच्छिक ठेवला तर फुकट्या प्रवाशाचा हिशेब चालूच राहील. १९७१ च्या संघीय नौका सुरक्षा कायद्याने नौकांच्या साधनसामग्रीविषयी राज्यांचे हात बरेचसे बांधले आहेत. मात्र एखाद्या राज्यातील विशेष धोक्याच्या परिस्थितीसाठी सुरक्षेची जादा साधने सक्तीची करण्याची मुभा त्याच कायद्यात ठेवलेली आहे. अकस्मात वादळ, अतिशय थंड पाणी आणि अननुभवी नावाडी ही परिस्थिती विशेष धोक्याची नसेल तर मग कोणती, हे विचारण्याजोगे आहे. निदान भाड्याने दिल्या जाणाऱ्या नौकांपासून आरंभ करता येईल.

यासाठी नवी कचेरी उघडण्याचीही गरज नाही. टाहोच्या पर्यावरणाचे नियंत्रण दोन राज्यांच्या करारातून १९६९ साली निर्माण झालेल्या संयुक्त संस्थेकडे आहे. क्वागा नावाचा परकीय शिंपला पाण्यात शिरू नये म्हणून २००८ पासून प्रत्येक यांत्रिक नौका पाण्यात उतरण्यापूर्वी तपासली जाते, आणि त्याचे शुल्क मालक भरतो. याचा अर्थ, पट्टी वसूल करण्याचे जे बंदर कोस यांना इंग्लंडमध्ये सापडले, ते टाहोला आयतेच मिळालेले आहे. नौका थांबलेली असते, मालक समोर उभा असतो, तपासनीस वाकून तळ आणि नळ्या पाहत असतो. त्याच वेळी नौकेवर संच आहे काय, तो नोंदविलेला आहे काय, ध्वनिग्राहक आपल्या आकड्यात नीट अडकतो काय, हे पाहायला दोन मिनिटे लागतील. भाड्याची नौका मात्र एकदा उतरली की हंगामभर पाण्यातच राहते. तेथे हीच पाहणी भाडे देणाऱ्याने प्रत्येक गिऱ्हाइकासमोर करायची, आणि संच कसा चालू करावा, सोळावर काय ऐकावे व काय बोलू नये, हे नौकेची किल्ली हाती देण्याआधी सांगायचे.